ग्रीक अक्षरं आणि बंद दारं

१९०५च्या शरद ऋतूत इथाका गावच्या कॉर्नेल विद्यापीठाचं नवं वर्ष सुरू झालं, तेव्हा आदल्या वर्षी तिथं शिकणारे सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी परतले नाहीत. न्यूयॉर्क राज्याच्या आतल्या भागात, कयुगा सरोवरावरच्या टेकडीवर वसलेलं हे विद्यापीठ त्यांना प्रवेश नाकारत नव्हतं. संस्थापक एझ्रा कॉर्नेलची जाहीर प्रतिज्ञाच अशी होती, की इथं कुणीही यावं आणि हवा तो विषय शिकावा. वर्गाची दारं उघडी होती. अडचण सुरू व्हायची ती वर्ग सुटल्यावर.

मुलांसाठी विद्यापीठाची वसतिगृहं तेव्हा जवळजवळ नव्हतीच. पहिले अध्यक्ष अँड्र्यू व्हाइट येलचे पदवीधर, विद्यार्थिदशेत स्वतः फ्रॅटर्निटीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळात, रमलेले. मुलांनी आपापली मंडळं काढावीत, त्यांनी घरं बांधावीत आणि एकमेकांना वळण लावावं, हे त्यांना पसंत होतं. त्यामुळे १८६८मध्ये विद्यापीठ उघडलं त्याच वर्षी फ्रॅटर्निट्याही तिथं आल्या. राहणं, जेवणं, अभ्यासाची सोबत, वरच्या वर्गातल्यांचं मार्गदर्शन, नाचगाण्याच्या संध्याकाळी आणि पुढे नोकरीसाठी लागणाऱ्या ओळखीपाळखी हे सगळं त्या घरांत मिळत असे. ज्यांना तिथं प्रवेश नव्हता, त्यांनी गावात खोली शोधायची. कृष्णवर्णीय मुलं गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांकडे राहत. त्यांतल्या काहींचा फ्रॅटर्निटीच्या घरांशी रोजचा संबंध येई, पण तो वाढपी म्हणून. इतरांच्या बंधुत्वाच्या पंगतीत ताटं मांडायची, उचलायची आणि आपल्या खोलीवर जाऊन एकट्यानं अभ्यासाला बसायचं, असा त्यांचा दिवस.

याच टेकडीवर, अवघ्या दोन वर्षांच्या अंतरानं, या एकटेपणावर दोन वेगवेगळी उत्तरं निघाली. एकानं दार सताड उघडं ठेवलं. दुसऱ्यानं स्वतःचं वेगळं दार बसवलं. आज अमेरिकेत बहुसांस्कृतिक फ्रॅटर्निटी म्हणून जी संस्था ओळखली जाते, तिच्यात ही दोन्ही उत्तरं एकत्र नांदतात. नेहमीच गुण्यागोविंदानं नव्हे.

फ्रॅटर्निटीचा साचा मात्र त्याहून कितीतरी जुना. व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात ५ डिसेंबर १७७६ रोजी, म्हणजे अमेरिकेनं स्वातंत्र्य जाहीर केलं त्याच वर्षी, काही विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कॅपा’ नावाचं मंडळ काढलं. गुप्त ग्रीक ब्रीदवाक्याची आद्याक्षरं हेच नाव, ठरावीक पद्धतीचं हस्तांदोलन, शपथ आणि छातीवर लावायचं पदक ही सगळी सामग्री तिथंच जमली. पुढे ते मंडळ हुशार विद्यार्थ्यांचा गौरव करणारी संस्था झालं आणि त्यातली गुप्तता गेली. पण साचा राहिला. १८२५ ते १८२७ या काळात न्यूयॉर्क राज्यातल्याच युनियन कॉलेजात ‘कॅपा अल्फा’, ‘सिग्मा फाय’ आणि ‘डेल्टा फाय’ ही तीन मंडळं निघाली आणि तिथून हे लोण कॉलेजा-कॉलेजांत पसरलं.

गुप्त दीक्षाविधी हा त्यातला सर्वांत आकर्षक भाग आणि सर्वांत घातकही. १८७३च्या ऑक्टोबरात कॉर्नेलच्या मॉर्टिमर लेगेट या विद्यार्थ्याला कॅपा अल्फाच्या दीक्षेसाठी रात्री गावाबाहेर नेलं होतं. अंधारात तो दरीत कोसळला आणि मेला. त्याचे वडील यादवी युद्धात लढलेले सेनानी आणि त्या वेळी देशाच्या पेटंट कार्यालयाचे प्रमुख. नव्या सभासदांच्या छळाचा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत रॅगिंगचा, इतिहास सांगताना अमेरिकेत हे नाव अगदी सुरुवातीला घेतलं जातं. त्या मृत्यूनं फ्रॅटर्निट्या बंद पडल्या नाहीत. मुलाचे वडीलच पुढे त्या मंडळाचे मानद सभासद झाले.

सभासद कुणाला करायचं, हे सभासद ठरवत. विद्यापीठात आलेला प्रत्येक मुलगा त्यात बसत नसे आणि बसू नये यातच मंडळाची प्रतिष्ठा होती. सुरुवातीला हे नुसतं गृहीत धरलेलं असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यू, कॅथलिक, कृष्णवर्णीय आणि परदेशी विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली, तसं जे मनात होतं ते घटनेतल्या कलमांत उतरू लागलं. गोरा, ख्रिस्ती, अशा अटी छापील झाल्या. येलमध्ये १८९५ साली तीन विद्यार्थ्यांनी ‘पाय लॅम्डा फाय’ काढली ती या वृत्तीला विरोध म्हणून. धर्म आणि पंथ न पाहता सभासद घेऊ, अशी तिची भूमिका होती. पण ते अपवादाचं उदाहरण. बहुतेकांनी दुसरा मार्ग धरला: ज्यांना बाहेर ठेवलं, त्यांनी आपापलं घर बांधलं. ज्यू विद्यार्थ्यांची ‘झीटा बीटा टाऊ’ न्यूयॉर्कला १८९८मध्ये निघाली, इटालियन वंशाच्या मुलांची ‘अल्फा फाय डेल्टा’ सिराक्यूजला १९१४मध्ये.

कॉर्नेलच्या टेकडीवरचं पहिलं उत्तर १९०४च्या नोव्हेंबरात आलं. मोडेस्टो किरोगा नावाच्या अर्जेंटिनाच्या विद्यार्थ्यानं पुढाकार घेतला आणि निरनिराळ्या देशांच्या मुलांनी मिळून ‘कॉस्मोपॉलिटन क्लब’ स्थापन केला. ब्रीद आयतंच मिळालं. ऑक्सफर्ड सोडून कॉर्नेलला शिकवायला आलेले इंग्रज इतिहासकार गोल्डविन स्मिथ यांनी १८७१मध्ये विद्यापीठाच्या आवारात एक दगडी बाक बसवला होता आणि सर्व राष्ट्रांच्या वर मानवता आहे, अशा अर्थाचे शब्द त्यावर कोरवले होते. क्लबनं तेच आपलं वाक्य केलं. इथं गुप्त काही नव्हतं. दीक्षा नव्हती, डोळ्यांवर पट्टी नव्हती. एकेका देशाच्या मुलांनी एकेक संध्याकाळ आपल्याकडे घ्यायची, आपल्या देशाची गाणी, खाणं, इतिहास इतरांपुढे मांडायचा, ही ‘राष्ट्र-रात्र’ हाच त्यांचा मुख्य विधी. १९११ साली ब्रायंट ॲव्हेन्यूवर क्लबची स्वतःची इमारत उभी राहिली. परदेशी मुलांना राहायला हक्काची जागा झाली.

अशीच मंडळं इतरत्रही निघत होती. विस्कॉन्सिन विद्यापीठात एक वर्ष आधीच आंतरराष्ट्रीय क्लब निघाला होता. १९०७मध्ये या सगळ्यांची देशव्यापी संघटना झाली आणि तिनं ‘कोर्डा फ्रात्रेस’ या युरोपातल्या विद्यार्थी महासंघाशी नातं जोडलं. १८९८मध्ये इटलीतल्या तुरिन शहरी जन्मलेल्या या महासंघाची आठवी जागतिक परिषद १९१३च्या ऑगस्ट-सप्टेंबरात भरली, ती इथाकातच.

त्या काळात कॉर्नेलच्या क्लबाचा अध्यक्ष झाला एक चिनी तरुण. त्याचं नाव हू शी. १९१०मध्ये शिष्यवृत्तीवर आलेला हा मुलगा आधी शेतकी शिकत होता. पण फळशास्त्राच्या तासाला समोर ठेवलेल्या सफरचंदांच्या जाती ओळखता ओळखता त्याच्या नाकी नऊ आले. बागाईतदारांच्या घरच्या अमेरिकन मुलांना ती नावं तोंडपाठ. चीनला परत जाऊन या सफरचंदांचं आपण काय करणार, असा प्रश्न त्याला पडला आणि तो तत्त्वज्ञानाकडे वळला. सुशिक्षितांची जुनी ग्रांथिक भाषा सोडून बोलीभाषेत लिहा, असा आग्रह धरून ज्यानं चिनी साहित्याची दिशा बदलली, तो हाच हू शी. चार माणसांपुढे उभं राहून वादविवाद करण्याची तालीम त्याला अमेरिकेतल्या त्या वर्षांत मिळाली.

दुसरं उत्तर १९०६चं. सहा मुलं परतली नाहीत, हे मागे राहिलेल्यांनी नुसतं पाहिलं नाही. आपल्यातलं आणखी कुणी गळू नये म्हणून १९०५-०६च्या हिवाळ्यात ते एकमेकांच्या खोल्यांवर आणि गावातल्या ओळखीच्या घरी जमू लागले. वाचन, चर्चा, परीक्षेची तयारी असा कार्यक्रम. कृषिशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी चार्ल्स पॉइंडेक्स्टर हा या मंडळाचा म्होरक्या. पुढे वाद पडला तो इथंच. पॉइंडेक्स्टरच्या मते साहित्यमंडळ पुरेसं होतं. काहींना मात्र फ्रॅटर्निटीच हवी होती: ग्रीक अक्षरं, शपथ, पदक, दीक्षा, सगळं. ज्या घरांत आपण ताटं वाढतो, त्या घरांतली माणसं एकमेकांना कशी धरून असतात हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. वाचनाचं मंडळ पदवी मिळाली की सुटतं. शपथेनं बांधलेलं नातं सुटत नाही, असा त्यांचा हिशेब.

त्यांचं म्हणणं टिकलं. ४ डिसेंबर १९०६ रोजी ‘अल्फा फाय अल्फा’ ही फ्रॅटर्निटी औपचारिकपणे स्थापन झाली. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची विद्यापीठ-पातळीवर टिकून राहिलेली ही पहिली ग्रीक-अक्षरी फ्रॅटर्निटी. रंग काळा आणि जुन्या सोन्याचा. सात संस्थापकांना आजही ‘सात रत्नं’ म्हणतात: हेन्री आर्थर कॅलिस, चार्ल्स हेन्री चॅपमन, युजीन किंकल जोन्स, जॉर्ज बिडल केली, नॅथॅनिएल ॲलिसन मरे, रॉबर्ट हॅरॉल्ड ओगल आणि व्हर्टनर वुडसन टँडी. पॉइंडेक्स्टर त्या सातांत नाही.

ही मुलं पुढे काय झाली, हे पाहिलं की त्यांची निकड कळते. कॅलिस डॉक्टर झाला. टँडी न्यूयॉर्क राज्यात नोंदणी झालेला पहिला कृष्णवर्णीय वास्तुशिल्पकार ठरला. हार्लेममधलं सेंट फिलिप्स चर्च आणि केसांच्या प्रसाधनांतून श्रीमंत झालेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांचा हडसन नदीकाठचा वाडा ही त्याची कामं. केली त्या राज्यातला पहिला नोंदणीकृत कृष्णवर्णीय अभियंता. युजीन जोन्स दक्षिणेतून शहरांत येणाऱ्या कृष्णवर्णीयांसाठी काम करणाऱ्या नॅशनल अर्बन लीगचा अनेक वर्षं कार्यवाह होता. विद्यार्थी असतानाच त्यानं वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात दुसरी शाखा उघडली होती.

हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांचंच विद्यापीठ, त्यामुळे तिथं रोप भराभर फोफावलं. १९०८मध्ये तिथं ‘अल्फा कॅपा अल्फा’ ही कृष्णवर्णीय मुलींची पहिली ग्रीक-अक्षरी सोरॉरिटी निघाली. कमला हॅरिस १९८६मध्ये तिच्या सभासद झाल्या. १९१३च्या जानेवारीत ‘डेल्टा सिग्मा थीटा’ निघाली आणि मार्चमध्ये तिच्या मुली मताधिकारासाठी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या स्त्रियांच्या मोर्चात चालल्या. अशा संघटनांची परिषद १९३०मध्ये हॉवर्डलाच स्थापन झाली. तिच्यात आज नऊ संघटना आहेत.

इथाकात ती जागतिक विद्यार्थी परिषद भरली, त्याच १९१३च्या उन्हाळ्यात, जुलैमध्ये, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन एक महाराष्ट्रीय तरुण न्यूयॉर्कला उतरला. भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि पहिला आठवडा हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तिथलं जेवण मानवेना. मग ते ११४व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात राहायला गेले. तिथं काही हिंदी विद्यार्थी आधीपासून राहत होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर खोली मिळाली आणि ती मैत्री जन्मभर टिकली. पाणी पिण्यासाठीही ज्याला शाळेत दुसऱ्याची वाट पाहावी लागली होती, तो तरुण इथं निरनिराळ्या देशांच्या, धर्मांच्या मुलांबरोबर एका टेबलावर जेवत होता. कोलंबियातल्या सोबत्यांना आणि जॉन ड्युई, सेलिग्मन यांच्यासारख्या प्राध्यापकांना ते पुढेही आपले जिवलग मानत. १९१५मध्ये कॉर्नेल सोडून हू शीही ड्युईंकडे शिकायला कोलंबियात आला. म्हणजे एक वर्ष हे दोघे एकाच विद्यापीठात, एकाच गुरूच्या प्रभावाखाली होते.

९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात आंबेडकरांनी भारतातल्या जातींवरचा आपला निबंध वाचला. त्यात फ्रॅटर्निटीचा उल्लेख नाही. पण त्यातला युक्तिवाद आठवून अमेरिकन विद्यापीठांकडे पाहिलं की बरंच काही उलगडतं. त्यांचं म्हणणं होतं, की एखादा गट आपली दारं लावून घेतो तेव्हा बाकीचेही गट बनतात. काही अनुकरणानं, काही बाहेर राहावं लागलं म्हणून. त्यामुळे जात एकटी कधीच नसते, ती नेहमी अनेकांतली एक असते. कॉर्नेलमध्येही त्या वर्षी पाहा: चिनी विद्यार्थ्यांनी १९१६मध्ये ‘रो साय’ ही आपली फ्रॅटर्निटी काढली. पुढे १९३१मध्ये, कॉर्नेलबाहेर, लॅटिन अमेरिकी विद्यार्थ्यांची ‘फाय आयोटा अल्फा’ निघाली. गोऱ्यांचं एक, ज्यूंचं एक, कृष्णवर्णीयांचं एक, चिन्यांचं एक अशी ग्रीक अक्षरांची घरं शेजारी शेजारी वाढत गेली. त्या सर्वांची वळणं एकसारखी, दारं वेगळी.

या साखळीतलं आणखी एक टोक ३० वर्षांनी पुन्हा आंबेडकरांपाशी येतं. १९४६मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची प्रत मागवली. अस्पृश्यांचा प्रश्नही तसाच मांडता येईल का, हे त्यांच्या मनात होतं. ड्यू बॉइस यांनी जुलैअखेर उत्तर पाठवलं. हे ड्यू बॉइसही अल्फा फाय अल्फाचे सभासद.

उघड्या दाराच्या क्लबाचं पुढे काय झालं? पहिल्या महायुद्धानं त्याचा कणा मोडला. विश्वबंधुत्वाचे ठराव करणाऱ्या मुलांचे देश एकमेकांवर तोफा डागू लागले. विस्कॉन्सिनच्या क्लबातून पुढे आलेला लुई लॉकनर १९१५मध्ये हेन्री फोर्डनं युरोपला नेलेल्या ‘शांतता नौके’चा चिटणीस होता. ती मोहीम हसण्यावारी गेली. कॉर्नेलचा क्लब युद्धानंतरही अनेक वर्षं चालला आणि मग बंद पडला.

कल्पना मात्र दुसऱ्या घरांत गेली. १९०९मध्ये न्यूयॉर्कला हॅरी एडमंड्स या ख्रिस्ती युवक संघाच्या कार्यकर्त्यानं कोलंबियाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला सहज सुप्रभात म्हटलं. तीन आठवड्यांत आपल्याशी बोललेले तुम्ही पहिलेच, असं त्या मुलानं सांगितलं. त्या एका वाक्यातून एडमंड्सच्या रविवारच्या मेजवान्या सुरू झाल्या आणि रॉकफेलर यांच्या पैशांतून १९२४मध्ये रिव्हरसाइड ड्राइव्हवर ‘इंटरनॅशनल हाउस’ उभं राहिलं. कॅलिफोर्नियात बर्कलेला तसंच घर बांधताना एडमंड्सनी मुद्दाम पीडमाँट ॲव्हेन्यू निवडला. कारण फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिट्यांची घरं त्याच रस्त्यावर होती आणि तिथं परदेशी व काळ्या-पिवळ्या कातडीच्या मुलांना थारा नव्हता. गोऱ्या आणि इतर वर्णांचे विद्यार्थी, त्यात मुलं-मुली, एका छपराखाली राहणार म्हटल्यावर ८००हून अधिक लोक निषेध सभेला जमले. घर तरीही १९३०मध्ये उघडलं.

छापील कलमं मोडायला दुसरं महायुद्ध यावं लागलं. वंशश्रेष्ठत्वाच्या विरोधात लढून परतलेले तरुण सरकारी खर्चानं कॉलेजात आले, तेव्हा फ्रॅटर्निटीच्या घटनेतली ‘फक्त गोरे’ ही अट वाचून त्यांना लाज वाटू लागली. १९४८मध्ये ॲमहर्स्ट कॉलेजातल्या ‘फाय कॅपा साय’च्या शाखेनं एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला सभासद करायचं ठरवलं. मध्यवर्ती संघटनेनं शाखाच बरखास्त केली. मुलांनी माघार घेतली नाही. नाव थोडं बदलून ते स्वतंत्र झाले. त्याच वर्षी ओहायोत वेगवेगळ्या वर्णांच्या विद्यार्थ्यांनी मिळून ‘बीटा सिग्मा टाऊ’ काढली. १९६०मध्ये ती त्या जुन्या पाय लॅम्डा फायमध्ये विलीन झाली. १९५३मध्ये न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठानं भेदभाव करणाऱ्या राष्ट्रीय फ्रॅटर्निट्यांना आपल्या आवारातून बाहेर काढलं आणि न्यायालयात तो निर्णय टिकला. तरीही १९६५मध्ये स्टॅनफर्डच्या ‘सिग्मा काय’ शाखेनं कृष्णवर्णीय मुलाला बोलावलं, तेव्हा तिला निलंबनच मिळालं.

कृष्णवर्णीयांच्या बाजूनं मात्र दार आधीच उघडलं होतं. अल्फा फाय अल्फानं ‘कोणताही निग्रो विद्यार्थी’ या शब्दांतला वंशवाचक शब्द काढण्याचा निर्णय १९४०मध्ये घेतला आणि १९४५पासून तो अमलात आला. ज्यांना बाहेर ठेवलं होतं, त्यांनी बाहेर ठेवणाऱ्यांच्या किती तरी आधी आपली अट काढून टाकली. बॉस्टनला शिकत असताना १९५२मध्ये मार्टिन ल्यूथर किंग या संघटनेत आले. वॉशिंग्टनमधलं त्यांचं स्मारक २०११मध्ये खुलं झालं. त्यामागची अनेक वर्षांची खटपट याच फ्रॅटर्निटीची.

सत्तरच्या दशकात नवी पिढी आली. न्यू जर्सीतल्या कीन कॉलेजात १९७५मध्ये लॅटिनो मुलांची ‘लॅम्डा थीटा फाय’ आणि मुलींची ‘लॅम्डा थीटा अल्फा’ निघाली. आणि त्याच राज्यात, रटगर्स विद्यापीठात, २१ नोव्हेंबर १९८१ रोजी पाच मुलींनी एक वेगळं पाऊल टाकलं. त्यांची ‘म्यू सिग्मा अप्सिलॉन’ कुठल्याही एका वंशाची असणार नव्हती. अक्षरांमागचं वाक्य ग्रीक नव्हे, स्पॅनिश होतं आणि त्याचा अर्थ सदैव एकजुटीच्या स्त्रिया असा. देशातली पहिली बहुसांस्कृतिक सोरॉरिटी म्हणून तिची नोंद होते. ज्या बंद खोलीत शपथ घ्यायची तिथं यायला कुणालाच मज्जाव नाही, हा मेळ या पाच मुलींनी साधला. कॉस्मोपॉलिटन क्लबाची सभासदांची यादी आणि अल्फा फाय अल्फाची शपथ, दोन्ही एका घरात आली.

भारतीय मुलं या गोष्टीत उशिरा आली. १९६५च्या स्थलांतर कायद्यानं अमेरिकेत आलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांची तिथं जन्मलेली मुलं ऐंशी-नव्वदच्या दशकांत कॉलेजात पोचली. घरी मराठी, गुजराती, तेलुगू, बाहेर इंग्रजी, जुन्या फ्रॅटर्निट्यांत पुरतं मिसळता येत नाही आणि आईवडिलांच्या मंडळांत मन रमत नाही. १९९४मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला ‘आयोटा न्यू डेल्टा’ निघाली, १९९८मध्ये टेक्सासला ‘डेल्टा एप्सिलॉन साय’. या दोन्हींची ओळख दक्षिण आशियाई. त्यांच्या मधली ‘सिग्मा बीटा रो’ फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ साली स्थापन झाली. तिचे मूळ सभासद दक्षिण आशियाईच, पण तिनं बहुसांस्कृतिक म्हणवून घेतलं आणि सर्व भिंतींपलीकडचं बंधुत्व हे आपलं वाक्य केलं. अशा बहुसांस्कृतिक संघटनांची राष्ट्रीय परिषद १९९८मध्ये उभी राहिली.

यांच्या प्रथा पाहिल्या तर त्या गोऱ्या फ्रॅटर्निट्यांपेक्षा कृष्णवर्णीयांकडून जास्त आल्यात. एका वेळी दीक्षा घेणाऱ्यांची तुकडी म्हणजे ‘लाइन’. उंचीप्रमाणे उभं राहायचं आणि जो क्रमांक मिळेल तो जन्मभर आपला. प्रत्येकाला एक ‘लाइन-नाव’, पाठीवर ते नाव आणि क्रमांक भरतकामानं उमटवलेलं जाकीट. वरच्या तुकडीतला एक जण आपला मोठा भाऊ, आपण त्याचा धाकटा, पुढे आपल्याला धाकटा मिळणार. अशी अख्खी वंशावळ कागदावर काढून ठेवलेली असते. दीक्षा संपली की ‘प्रोबेट’: तोवर गुपचूप तयारी करणारी तुकडी मैदानात रांगेनं उतरते, संस्थापकांची नावं, सनावळी, ब्रीदं एका सुरात घडाघडा म्हणते आणि शेवटी एकेकाचं नाव जाहीर होतं. बघायला मित्र असतात, क्वचित आईवडीलही. कॅमेरे सरसावलेले असतात.

सगळ्यांत देखणा प्रकार ‘स्टेपिंग’चा. पाय आपटत, टाळ्या वाजवत, मांडीवर थाप मारत, एकाच वेळी वीस-पंचवीस जणांनी एका ठेक्यात नाचायचं. वाद्य म्हणजे स्वतःचं शरीर. लेझमीच्या पथकात जशी एकाची चूक सगळ्यांची रांग बिघडवते, तशीच गत इथंही. १९८८मध्ये स्पाइक ली यांनी ‘स्कूल डेझ’ या चित्रपटात हे सगळं पडद्यावर आणलं आणि या घरांच्या आतली उतरंडही दाखवली. दक्षिण आशियाई आणि बहुसांस्कृतिक फ्रॅटर्निट्यांनी हा ठेका उचलला, त्यात भांगड्याच्या उड्या आणि हिंदी चित्रपटगीतांचे ताल मिसळले. समाजसेवाही याच घडणीचा भाग: अल्फा फाय अल्फा १९२०च्या दशकापासून कृष्णवर्णीय मुलांनी शाळा सोडू नये आणि कॉलेजात जावं यासाठी मोहीम चालवत आली आणि मताधिकाराच्या नोंदणीची तिची मोहीम १९३०च्या दशकापासूनची.

साचा घेतला की त्यातला दोषही येतो. १९८९मध्ये अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजात अल्फा फाय अल्फात येऊ पाहणारा एक विद्यार्थी दीक्षेच्या बैठकीत मरण पावला. पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी उमेदवारीचा जुना काळ नियमानं संपवला. चोरून तो चालूच राहिला. २०१३च्या डिसेंबरात ‘पाय डेल्टा साय’ या आशियाई-अमेरिकी सांस्कृतिक फ्रॅटर्निटीनं न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजातल्या नव्या मुलांना पेनसिल्व्हेनियाच्या पोकोनो डोंगरांत एका भाड्याच्या घरी नेलं. तिथल्या विधीचं नाव होतं ‘काचेचं छत’. डोळे बांधलेल्या मुलानं पाठीवर वाळूचं ओझं घेऊन गोठलेल्या अंगणातून चालायचं आणि इतरांनी त्याला ढकलायचं, आडवं करायचं. अमेरिकेत आशियाई माणसाला किती अडथळे सोसावे लागतात, हे त्यातून शिकवायचं होतं. १९ वर्षांचा एक मुलगा त्यातून उठला नाही. अनेकांवर खटले झाले आणि २०१८मध्ये न्यायालयानं त्या संघटनेलाच पेनसिल्व्हेनियात १० वर्षं बंदी घातली. दीक्षेतल्या दुःखाचा अर्थ बदलला होता. दुःख देण्याची रीत मॉर्टिमर लेगेटच्या काळातलीच होती.

दुसरी अडचण शांत आहे, पण रोजची. ‘सर्वांसाठी’ म्हणवणाऱ्या या संघटनांत कुठल्या तरी एका समाजाचं वजन अधिक असतं. दक्षिण आशियाई मुळाच्या फ्रॅटर्निटीत कृष्णवर्णीय, लॅटिनो किंवा गोरा मुलगा येतो तेव्हा भांगडा शिकतो आणि दिवाळीच्या कार्यक्रमात स्वयंसेवक होतो. त्याच्या घरचं काय आत येतं, हे त्या त्या शाखेवर अवलंबून राहतं. दार उघडं असलं तरी आतली भाषा आधी आलेल्यांची.

आणि विद्यापीठाच्या कारभारात ही घरं अजून वेगवेगळ्या वहीत नोंदलेली आहेत. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत जुन्या, मुख्यतः गोऱ्या फ्रॅटर्निट्यांची एक परिषद, सोरॉरिट्यांची दुसरी, कृष्णवर्णीयांच्या नऊ संघटनांची तिसरी आणि बहुसांस्कृतिक, लॅटिनो, आशियाई अशा सगळ्यांची मिळून चौथी असते. फ्रॅटर्निटीच्या रस्त्यावरचे खांबवाले जुने वाडे बहुतांशी पहिल्या दोन परिषदांकडे आहेत. चौथ्या परिषदेतल्या अनेक शाखांत सभासद दहा-पंधरा, मालकीचं घर नाही. त्यांच्या बैठका विद्यार्थी भवनातल्या आरक्षित खोलीत होतात आणि स्टेपिंगची तालीम रात्री उशिरा मोकळ्या पार्किंगमध्ये.